टॉमस जेफर्सन : राष्ट्राध्यक्ष आणि शब्दसंग्राहक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा तिसरा राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफर्सन याने आपल्या थडग्यावर कोरावयाचा मजकूर स्वतःच लिहून ठेवला होता. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा कर्ता, व्हर्जिनियातील धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचा कर्ता आणि व्हर्जिनिया विद्यापीठाचा जनक, एवढ्या तीनच गोष्टींचा त्यात निर्देश आहे. आठ वर्षे भूषविलेल्या राष्ट्राध्यक्षपदाचा त्यात उल्लेखही नाही. या मौनाची चर्चा चरित्रकारांनी पुष्कळ केली आहे. परंतु त्या मजकुरात आणखीही एका उद्योगाला स्थान मिळालेले नाही, आणि भाषाभ्यासकाला विशेष जिज्ञासा वाटावी ती त्याच्याविषयी. सुमारे तीस वर्षे हा राजकारणी गृहस्थ अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या भाषांतील शब्द ठरावीक यादीनुसार गोळा करीत होता. त्या संग्रहाचा बहुतेक भाग नदीत बुडाला. जो उरला त्याची कथा जेफर्सनच्या राजकीय चरित्रापासून वेगळी काढता येत नाही. किंबहुना त्या चरित्रातील सर्वांत अवघड प्रश्न त्या कथेतूनच स्पष्टपणे पुढे येतात.

जेफर्सनचा जन्म १३ एप्रिल १७४३ रोजी व्हर्जिनियातील शॅडवेल येथे झाला. वडील पीटर जेफर्सन हे भूमापक व नकाशाकार होते. जोशुआ फ्राय याच्या साहाय्याने त्यांनी केलेला व्हर्जिनियाचा नकाशा त्या काळी प्रमाणभूत मानला जाई. आई जेन ही रँडॉल्फ या प्रतिष्ठित घराण्यातील. टॉमस चौदा वर्षांचा असताना पितृछत्र हरपले आणि विस्तीर्ण जमिनीचा व ती कसणाऱ्या गुलामांचा वारसा त्याच्याकडे आला. विल्यम्सबर्ग येथील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात १७६० ते १७६२ या काळात त्याचे शिक्षण झाले. तेथे विल्यम स्मॉल या स्कॉटिश अध्यापकाने त्याला गणिताची व निसर्गविज्ञानाची गोडी लावली. पुढे जॉर्ज विथ यांच्या हाताखाली त्याने कायद्याचा अभ्यास केला व १७६७ मध्ये तो वकिली करू लागला.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यातील अनेक संज्ञा नॉर्मन विजयापूर्वीच्या इंग्रजीतून आलेल्या आहेत. त्यांचा अर्थ लावण्यासाठी जेफर्सनला विद्यार्थिदशेतच अँग्लो-सॅक्सनकडे वळावे लागले. वकिलाच्या गरजेपोटी जडलेला हा नाद जन्मभर टिकला. ग्रीक व लॅटिन त्याला चांगल्या येत. फ्रेंच, इटालियन व स्पॅनिश तो वाचीत असे. स्पॅनिशविषयी एक मौजेची नोंद जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सच्या रोजनिशीत सापडते. युरोपला जाताना एकोणीस दिवसांच्या समुद्रप्रवासात, एक व्याकरण व ‘डॉन क्विझोट’ एवढ्या सामग्रीवर आपण ती भाषा शिकलो, असे जेफर्सनने त्याला सांगितले होते. हे नोंदवून झाल्यावर अ‍ॅडम्सने जेफर्सनच्या गोष्टी अंमळ फुगलेल्याच असतात, अशा आशयाची पुस्तीही जोडली आहे. अ‍ॅडम्स स्वतः अनेक भाषा जाणणारा होता. तेव्हा त्याचा संशय निराधार मानण्याचे कारण नाही.

१७६९ मध्ये जेफर्सन व्हर्जिनियाच्या विधिमंडळात गेला. १७७४ मध्ये वसाहतींच्या हक्कांविषयी त्याने लिहिलेल्या पुस्तिकेने त्याच्या लेखणीची कीर्ती झाली. वक्ता म्हणून त्याला कधीच नाव मिळाले नाही. १७७६ मध्ये जाहीरनाम्याचा मसुदा करण्यासाठी काँग्रेसने पाच जणांची समिती नेमली तेव्हा लेखनाचे काम स्वाभाविकपणेच त्याच्याकडे आले. त्या मसुद्यातील एक खाडाखोड शब्दार्थाच्या अभ्यासकाने अवश्य ध्यानात घ्यावी अशी आहे. जेफर्सनच्या हस्तलिखितात एके ठिकाणी मूळचा शब्द शाई ओली असतानाच पुसून त्यावर ‘नागरिक’ या अर्थाचा शब्द लिहिलेला आहे. खालचा शब्द कोणता हे दोन शतकांहून अधिक काळ वाचता येत नव्हते. काँग्रेसच्या ग्रंथालयाने आधुनिक छायाचित्रण-तंत्राने त्या पानाची तपासणी केली आणि तेथे ‘प्रजाजन’ या अर्थाचा शब्द होता असे २०१० मध्ये प्रसिद्ध केले. ते वाक्य अंतिम मसुद्यात राहिले नाही. तथापि जुन्या सवयीचा शब्द हातातून उतरला, लिहिणाऱ्याला त्याची जाणीव झाली आणि त्याने तो नुसता खोडला नाही तर दिसेनासा केला, हा क्षण त्या कागदावर टिकून राहिला आहे.

काँग्रेसने मसुद्याचा सुमारे चौथा हिस्सा गाळला. गाळलेल्या भागात गुलामांच्या व्यापाराबद्दल इंग्लंडच्या राजाला दोष देणारा एक परिच्छेद होता. तो लिहिणारा मनुष्य स्वतः गुलामांचा मालक होता. जेफर्सनने आपल्या हयातीत सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली आणि त्यांतील फारच थोड्यांना मुक्त केले. सॅली हेमिंग्ज या त्याच्या गुलाम स्त्रीच्या अपत्यांचा तोच पिता असावा ही चर्चा त्याच्या हयातीतच वृत्तपत्रांत झाली होती. १९९८ मध्ये वंशजांच्या रक्ताची आनुवंशिक तपासणी झाल्यानंतर बहुतेक इतिहासकारांनी ती गोष्ट मान्य केली आहे. सर्व मनुष्ये समान आहेत हे विधान व हा व्यवहार यांचा मेळ घालण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. त्यांतून जेफर्सनचे समर्थन फारसे साधत नाही, हे येथे नमूद करून पुढे जाणे बरे.

१७७९ ते १७८१ या काळात तो व्हर्जिनियाचा गव्हर्नर होता. युद्धाच्या धामधुमीत त्या पदावर त्याला यश आले नाही. पण याच सुमारास त्याच्या एकमेव ग्रंथाची सामग्री जमा झाली. फ्रेंच वकिलातीतील चिटणीस मार्ब्वा याने अमेरिकेतील राज्यांविषयी एक प्रश्नावली पाठविली होती. तिला उत्तर म्हणून १७८१ मध्ये लिहावयास घेतलेली ‘व्हर्जिनिया राज्याविषयी टिपणे’ १७८५ मध्ये पॅरिस येथे खाजगी रीतीने, लेखकाच्या नावावाचून छापली गेली. लंडनची आवृत्ती १७८७ ची. नद्या, पर्वत, हवामान, कायदे, लोकसंख्या अशा नाना विषयांबरोबर मूळ रहिवाशांवरील प्रकरण त्यात आहे, आणि त्या प्रकरणातच जेफर्सनचा भाषाविचार प्रथम दिसतो.

त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा. अमेरिकेतील लोक कोठून आले हे ठरवावयाचे तर भाषांचे साम्य हा सर्वांत विश्वासार्ह पुरावा होय. इंग्रज, डच, जर्मन, डेन, स्वीड हे लोक एका मूळ समाजातून फुटून किती काळ लोटला! तरीही त्यांच्या भाषांचे एकमूलत्व अद्याप स्पष्ट दिसते. ते दिसेनासे व्हावयास याहून कितीतरी अधिक काळ लागेल. उलट अमेरिकेत परस्परांशी कोणतेही नाते न दिसणाऱ्या मूलभाषा मोठ्या संख्येने आढळतात. आशियात तशी एक असेल तर अमेरिकेत वीस. म्हणून अमेरिकेतील लोक आशियातील लोकांपेक्षा प्राचीन असले पाहिजेत.

निष्कर्ष चुकीचा आहे. आशियातील भाषांविषयी जेफर्सनला असलेली माहिती तुटपुंजी होती. एकास वीस हे प्रमाण अंदाजी होते. आणि ‘नाते दिसत नाही’ म्हणजे ‘नाते नाही’ असे तो धरून चालला होता. परंतु निष्कर्ष बाजूला ठेवून पद्धतीकडे पाहिले तर वेगळे मत होते. भाषांचे वैविध्य हे काळाचे माप आहे, जेथे भेद अधिक खोल तेथे वस्ती अधिक जुनी, हे तत्त्व पुढे एडवर्ड सपीर याने १९१६ मध्ये आपल्या प्रसिद्ध निबंधात शास्त्रीय मर्यादांसह मांडले. आणि मूलभाषांच्या बहुसंख्येविषयी जेफर्सनचे निरीक्षणही पोकळ नव्हते. १८९१ मध्ये पॉवेलने केलेल्या वर्गीकरणात एकट्या मेक्सिकोच्या उत्तरेकडील प्रदेशातच ५८ भाषाकुले मानलेली आहेत. सर विल्यम जोन्स यांचे संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या समान मूळाविषयीचे कलकत्त्यातील व्याख्यान १७८६ मधील. जेफर्सनचा ग्रंथ त्याच्या एक वर्ष आधी छापून झालेला होता. अर्थात जोन्स यांची दृष्टी धातू व व्याकरणातील रूपे यांवर स्थिरावली होती, तर जेफर्सनची शब्दांवर. आणि तुलनात्मक भाषाशास्त्राचा पाया घातला गेला तो जोन्स यांनी दाखविलेल्या दिशेने. त्यामुळे जेफर्सनला त्या शास्त्राचा आद्य प्रवर्तक ठरविण्याचा मोह टाळला पाहिजे.

त्याच प्रकरणात त्याने खेद प्रकट केला आहे की, अनेक जमाती त्यांच्या भाषांची साधी मूलतत्त्वेही कोणी नोंदवून ठेवण्यापूर्वीच नष्ट झाल्या. यावर त्याने सुचविलेला उपाय असा : दोन्ही अमेरिकांतील सर्व भाषांच्या शब्दावल्या कराव्यात, त्यांत सर्वत्र आढळणाऱ्या वस्तूंची नावे, नाम-क्रियापदांची रूपे व वाक्यरचनेचे नियम असावेत, आणि त्या सार्वजनिक ग्रंथालयांत ठेवाव्यात.

पॅरिसमध्ये अमेरिकेचा वकील म्हणून काही वर्षे काढून जेफर्सन १७८९ मध्ये परतला आणि पुढच्या वर्षी वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री झाला. या काळात त्याने शब्दसंग्रहासाठी एक कोरा छापील नमुना तयार करविला. एका कागदावर सुमारे २८० इंग्रजी शब्द स्तंभांत छापलेले व प्रत्येकासमोर मोकळी जागा. अग्नी, जल, पृथ्वी, वायू अशी सुरुवात, मग सूर्य, चंद्र, पाऊस, हिम, दिवस-रात्र, शरीराचे अवयव, नातेवाचक शब्द, संख्या, प्राणी, पक्षी व वृक्ष, काही विशेषणे, शेवटी खाणे, पिणे, झोपणे, हसणे अशा क्रिया. हा कागद तो सीमेवरील अधिकारी, व्यापारी, धर्मोपदेशक अशा कोणाकडेही पाठवी व भरून मागवी. एकच यादी सर्व भाषांना लावावयाची, म्हणजे स्तंभ शेजारी शेजारी मांडून तुलना करता येते, ही त्यातील कल्पना. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीतील २४१ शब्द-वाक्यांची प्रमाण यादी ज्यांनी हाताळली आहे (मराठीचा खंड १९०५ चा), त्यांना या पद्धतीचे फायदे व तोटे दोन्ही वेगळे सांगावयास नकोत.

एक शब्दावली मात्र जेफर्सनने स्वतः लिहून घेतली. १७९१ च्या जून महिन्यात तो जेम्स मॅडिसनबरोबर न्यूयॉर्क व उत्तरेकडील राज्यांच्या प्रवासात होता. लाँग आयलंड बेटावर पूस्पाटक येथे उंकेचॉग जमातीची छोटी वस्ती आहे. तेथे त्याला आढळले की, जमातीची भाषा बोलू शकणाऱ्या केवळ तीन व्यक्ती उरल्या आहेत, आणि तिघीही वृद्ध स्त्रिया. त्यांतील दोघींना एकत्र बसवून त्याने शब्द टिपून घेतले. जमातीतील एक तरुण स्त्रीही त्या वेळी हजर होती. तिला भाषा थोडीफार ठाऊक होती. ही सर्व माहिती जेफर्सनने शब्दावलीवरच नोंदविली आहे. पुढील काळातील कितीतरी संग्राहकांनी भाषकांची संख्या, वय वा पिढी यांचा पत्ताही दिलेला नाही. हे लक्षात घेता या चार ओळींचे मोल शब्दांइतकेच मानावे लागेल.

१७९७ मध्ये तो उपाध्यक्ष झाला व त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीचा अध्यक्षही झाला. १८०० च्या निवडणुकीत त्याला व आरन बर याला प्रत्येकी ७३ मते पडली. प्रतिनिधिगृहात छत्तिसाव्या मतदानानंतर जेफर्सनची निवड झाली. त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठी घटना म्हणजे १८०३ मधील लुइझियाना प्रदेशाची खरेदी. दीड कोट डॉलरांत फ्रान्सकडून मिळालेल्या या प्रदेशाने देशाचे क्षेत्र जवळजवळ दुप्पट झाले. दुसऱ्या कारकिर्दीत, १८०७ मध्ये त्याने घातलेल्या व्यापारबंदीने इंग्लंड वा फ्रान्स नमले नाहीत. देशातील बंदरे मात्र ओस पडली.

पश्चिमेकडील प्रदेशाच्या शोधार्थ मेरिवेदर लुईस व विल्यम क्लार्क यांची तुकडी पाठविताना २० जून १८०३ रोजी जेफर्सनने लुईसला दिलेल्या लेखी सूचनांत नद्या व अक्षांश-रेखांश यांच्याबरोबर वाटेतील जमातींच्या भाषा, परंपरा व स्मारके यांची माहिती मिळविण्यास सांगितले आहे. लुईसने आपले काम निष्ठेने केले आणि १८०६ मध्ये परतताना शब्दावल्या बरोबर आणल्या.

१८०३ च्याच २७ फेब्रुवारीस जेफर्सनने इंडियाना प्रदेशाचा गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसन याला एक पत्र पाठविले होते. ते खाजगी समजावे अशी त्याची सूचना होती. सरकारी व्यापारी ठाण्यांवर जमातींतील वजनदार माणसांना उधारी वाढवू द्यावी. कर्ज फेडणे अशक्य झाले की ती जमीन देऊन टाकावयास राजी होतील, हा त्यातील बेत. दोन कागदांमधले अंतर चार महिन्यांचेही नाही. एकात भाषेची नोंद करण्याची कळकळ आहे आणि दुसऱ्यात ती भाषा बोलणाऱ्यांच्या पायाखालची भूमी काढून घेण्याची युक्ती. शब्दसंग्राहक जेफर्सन व राज्यकर्ता जेफर्सन हे दोन वेगळे पुरुष होते असे मानून हा पेच सुटत नाही. ज्या जमाती नामशेष होणार असे त्याने गृहीत धरले होते, त्यांच्याच शब्दांची त्याला घाई होती; आणि त्या नामशेष होण्यात त्याच्या धोरणाचाही हातभार लागत होता. संबोधनांतील पालटही बोलका आहे. १७८१ मध्ये कास्कास्किया जमातीच्या प्रमुखाशी बोलताना जेफर्सन त्याला ‘बंधू’ म्हणतो. १८०२ मध्ये सेनेका जमातीच्या हँडसम लेक याला लिहितानाही तोच शब्द आहे. १८०४ मध्ये नव्या प्रदेशातील ओसेज प्रमुखांसमोर मात्र त्याने ‘माझ्या मुलांनो’ अशी सुरुवात केली. तेथील मूळ रहिवाशांशी बोलण्याची अशी रीत युरोपीय सत्तांनी आधीच पाडलेली होती हे खरे, पण नातेवाचक शब्द कोणता निवडावयाचा हे बोलणाऱ्याच्याच हाती असते.

राष्ट्राध्यक्षपद संपण्यापूर्वी संग्रह छापण्याचा जेफर्सनचा विचार होता. सुमारे पन्नास भाषांच्या शब्दावल्या जमल्या होत्या. बहुतेक स्तंभवार मांडूनही झाल्या होत्या. लुईसने आणलेल्या शब्दावल्या तेवढ्या त्यांत घालावयाच्या राहिल्या होत्या. घरी निवांतपणे ते करू म्हणून त्याने काम पुढे ढकलले. १८०९ मध्ये वॉशिंग्टनहून मॉन्टिचेलोकडे त्याचे सामान जलमार्गाने निघाले. सुमारे तीस नगांपैकी एक जड पेटी जेम्स नदीतून वर येत असताना चोरीस गेली. वजनावरून आत मौल्यवान ऐवज असेल असे चोराला वाटले असावे. पेटी उघडल्यावर कागदच कागद पाहून त्याने ते नदीत फेकून दिले. मूळ शब्दावल्या व मांडलेले तक्ते दोन्ही त्यातच होते. काही पाने वाहत काठाला लागली व चिखलात सापडली. त्याच वर्षाच्या २१ सप्टेंबरला बेंजामिन स्मिथ बार्टन या विद्वानाला लिहिलेल्या पत्रात हा वृत्तांत आला आहे. आपल्याला मिळाली तशी संधी पुन्हा दुसऱ्या कोणाला मिळण्याचा संभव नाही, असे त्यात तो म्हणतो, आणि त्यात बढाई नव्हती. लुईसही त्याच वर्षी मृत्यू पावला.

उरलेली पाने १८१७ मध्ये जेफर्सनने फिलॉसॉफिकल सोसायटीच्या स्वाधीन केली. ती घेणारा पीटर द्यु पोन्सो हा फ्रान्समध्ये जन्मलेला फिलाडेल्फियाचा वकील होता. याने डेलावेअर भाषेविषयी हेकवेल्डर या मोरेव्हियन पाद्रीशी दीर्घ पत्रव्यवहार केला आणि १८१९ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. अनेक अर्थघटक एकाच क्रियारूपात गुंफणाऱ्या भाषांसाठी ‘बहुसंश्लेषी’ या अर्थाची संज्ञा प्रथम वापरली ती त्यानेच. येथे जेफर्सनच्या पद्धतीची मर्यादा उघडी पडते. ‘टिपणां’त त्याने रूपे व वाक्यरचना नोंदविण्याची अपेक्षा केली होती; छापील नमुन्यात मात्र सुट्या शब्दांपलीकडे जागाच नव्हती. शरीराचे अवयव किंवा नाती यांचे शब्द अल्गॉन्कियन भाषांत स्वामित्वदर्शक उपसर्गावाचून सहसा येत नाहीत. ‘हात’ विचारला तर ‘माझा हात’ किंवा ‘तुझा हात’ असेच उत्तर मिळते, आणि नमुना भरणारा ते एका शब्दासमोर निमूटपणे लिहून टाकतो. शिवाय प्रत्येकाने ध्वनी आपल्या इंग्रजी वा फ्रेंच कानाप्रमाणे लिहिलेले. उच्चारलेखनाची समान पद्धती कोठेच नाही. तुलनेसाठी म्हणून जमविलेली सामग्री तुलनेच्या कामी अपुरी पडावी, हे त्यामुळे अटळ होते.

स्वतःच्या भाषेकडे पाहतानाही जेफर्सन शब्दांचाच विचार अधिक करी. तेथे मात्र त्याची दृष्टी आश्चर्य वाटावे इतकी मोकळी होती. ‘टिपणां’त त्याने ‘बिलिटल’ हे नवे क्रियापद वापरले. अमेरिकेतील सृष्टी युरोपच्या मानाने खुजी असते या ब्युफाँच्या मताचा समाचार घेताना ते आले आहे. लंडनच्या एका नियतकालिकाने १७८७ मध्ये त्या शब्दाची थट्टा उडविली. आज तो शब्द इंग्रजीत इतका रुळला आहे की, त्याचा कर्ता कोण याची कोणाला आठवणही होत नाही. १८१३ मध्ये जॉन वॉल्डो या व्याकरणकाराला लिहिलेल्या पत्रात जेफर्सनने शुद्धतावाद्यांना स्पष्ट विरोध केला. नव्या परिस्थितीत नवे शब्द लागणारच, जुन्या शब्दांना नवे अर्थ येणारच, आणि अमेरिकेत इंग्रजीची एक स्वतंत्र बोली घडणारच; डोरिक, आयोनिक इत्यादी बोलींनी ग्रीकचे रूप बिघडले की खुलले, असा त्याचा सवाल आहे. अँग्लो-सॅक्सनवरील त्याचा निबंध १७९८ मध्ये एका पत्राच्या निमित्ताने सुरू झाला व त्याच्या मृत्यूनंतर १८५१ मध्ये छापला गेला. अँग्लो-सॅक्सन ही वेगळी भाषा नसून इंग्रजीचीच जुनी अवस्था आहे, हे त्यातील प्रमुख प्रतिपादन योग्य आहे. मात्र शिकणाऱ्याला सोपे जावे म्हणून जुने लेखन व विभक्ती हवे तसे सैल करण्याची त्याची सूचना कोणा भाषाशास्त्रज्ञाला मानवणारी नाही. विशेष हे की, १८२५ मध्ये उघडलेल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात त्याने प्रारंभापासून या भाषेला स्थान दिले.

अखेरची वर्षे कर्जात गेली. १८१५ मध्ये त्याने आपला सहा हजारांहून अधिक ग्रंथांचा संग्रह काँग्रेसला २३,९५० डॉलरांस विकला. इंग्रजांनी जाळलेल्या ग्रंथालयाची पुन्हा उभारणी त्यातून झाली. ४ जुलै १८२६ रोजी, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षे झाली त्याच दिवशी, त्याचा मृत्यू झाला. त्याचा स्नेही व प्रतिस्पर्धी जॉन अ‍ॅडम्स हाही त्याच दिवशी निधन पावला. पुढल्या जानेवारीत कर्ज भागविण्यासाठी मॉन्टिचेलोवरील १३० गुलामांचा लिलाव पुकारला गेला.

पूस्पाटक येथील शब्दावली अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीच्या संग्रहात आहे. त्या तीन वृद्ध स्त्रियांनंतर भाषा बोलणारे कोणी उरले नाही. जमात मात्र नामशेष झाली नाही. २०१० मध्ये उंकेचॉग व त्यांची शेजारी शिनेकॉक या दोन जमातींनी लाँग आयलंडवरील स्टोनी ब्रुक विद्यापीठाच्या साहाय्याने आपल्या भाषा पुन्हा शिकविण्याचा उपक्रम हाती घेतला. जुन्या प्रार्थना, दस्तऐवज व शब्दावल्या यांची जमवाजमव झाली, तीत जेफर्सनची शब्दावली होती. जेथे त्याचे लेखन संदिग्ध आहे तेथे अभ्यासकांना नात्यातील अल्गॉन्कियन भाषांच्या आधारे उच्चार ठरवावे लागतात. व्याकरणही त्याच भाषांवरून जुळवून घ्यावे लागते.